निळा देवमासा विरुद्ध धिंगरी अळंबी: एक निःपक्षपाती निवाडा

ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो, त्यांचीच तुलना खरी निःपक्षपाती होते. जीवसंग्रहालयाच्या संचालकांची यावर अढळ श्रद्धा होती. म्हणून एक खोली रिकामी आणि एक नोकरी कमी करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी काम, अनुभव असले क्षुद्र विचार बाजूला सारले आणि निळ्या देवमाशाची धिंगरी अळंबीशी तुलना करायला समिती नेमली. जो जीव हरेल, त्याच्या अभ्यासकाने घरी बसायचं.

धिंगरीच्या बाजूने अळंबीबाई उभ्या होत्या. अर्धं आयुष्य त्यांनी ओल्या भुशाच्या पिशव्या हुंगण्यात घालवलेलं. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे आणि पगार एकच. पण ते निकषांत बसत नव्हतं.

निकष कमालीचे शास्त्रीय होते: लांबी, वजन, पोहणं, गायन आणि पिलांवरची माया. (ते देवमाशाच्या अभ्यासकानेच सुचवले. बाकीच्यांना सवड नव्हती.)

समान संधी म्हणून धिंगरीला पाण्याच्या टाकीत सोडण्यात आलं. ती तरंगली; पुढे मात्र सरकेना. ‘प्रयत्नांचा अभाव’ असा शेरा पडला. देवमासा कामाच्या व्यापामुळे हजर राहू शकला नाही, त्याला सरासरीने पूर्ण गुण मिळाले.

बाईंनी घसा कोरडा करून सांगितलं, की पडलेल्या झाडाची माती ही करते, हिच्यासारख्या नसत्या तर जंगलात मेलेल्या लाकडांचा खच पडला असता.

“ते सगळं खरं हो बाई,” संचालक म्हणाले, “पण गाते का?”

“नाही.”

“मग मी तरी काय करू, सांगा.”

एका दयाळू सदस्याने लहानखुरेपणासाठी चार गुण वाढवून द्यायचं सुचवलं. उद्या जंतूही रांग लावतील, या भीतीने ते फेटाळलं गेलं.

संध्याकाळी बाईंनी भुशाच्या पिशव्या रिकाम्या केल्या. खोली देवमाशाच्या सांगाड्याच्या शेपटीला मिळाली. “मनाला लावून घेऊ नका,” संचालकांनी समजूत घातली, “हरली ती अळंबी, तुम्ही नाही.” बाईंना हसावं की त्यांच्या डोक्यात पिशवी घालावी, कळेना. त्या चपला घालून निघाल्या.

तुम्हाला मात्र हसू आलं. येणारच, तुम्ही समंजस माणसं. काल जेवताना धाकटीला म्हणालात ना, “ताईकडून शीक जरा काहीतरी”? ती खाली मान घालून जेवत राहिली. तिला काय येतं, हे विचारायचं अजून राहूनच गेलंय.