भोंगा आणि टँकर

श्रीरंग कुलकर्णीनं पुण्याच्या मोठ्या साहेबांना फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं, "साहेब, तुम्ही फक्त या. आमच्याकडे भोंगा वाजला की माणूस हेल्मेट घालून थेट मैदानात. सुरक्षा रक्तात भिनलीय लोकांच्या."

आता खरं काय ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. वाळूजच्या त्या कारखान्यात श्रीरंग सुरक्षा अधिकारी होता, पण कच्च्या नोकरीवर. आगीची पहिली तालीम घेतली तेव्हा भोंगा घसा फुटेस्तोवर बोंबलला आणि मैदानात दोघंच आले, श्रीरंग आणि गेटवरचं कुत्रं. प्रेस मशीनवरचा फकिरा, पिशोरचा गडी, जागचा हलला नाही.

"फकिरा, भोंगा ऐकू आला नाही का?"

"आला की साहेब. पर खोट्या आगीला पळून काय करू? खरी लागली की सांगा, लगेच येतो."

श्रीरंगनं पाट्या लावल्या, शपथा दिल्या, भाषणं ठोकली. पिवळी हेल्मेटं काही खुंटीवरून खाली येईनात. साहेबांचं समाधान झालं तर नोकरी पक्की, नाहीतर कन्नडला अनंतरावांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, औषधाच्या दुकानात बसायचं, असं बायकोनं परस्पर ठरवून टाकलं होतं. सासरे अजून 'जावईबापू' म्हणत होते. एकदा गल्ल्याशेजारी बसवल्यावर काय म्हणतील, या विचारानंच श्रीरंगला घाम फुटायचा.

अक्कल सुचली ती पडेगावात, स्वतःच्या घराखाली. त्या साली दुष्काळ असा, की नळ नुसता शोभेला. टँकरचा हॉर्न वाजला की झोपलेला, जेवणारा, पूजेला बसलेला, सगळे खाली. श्रीरंगची बायको सावनी गॅस बंद करायची, हंडा उचलायची आणि रांगेत हजर. तिथं ढकलाढकली नाही की गोंधळ नाही. भांडं ठेवलं की नंबर पक्का. श्रीरंग जिन्यात उभा राहून बघतच राहिला. जे शिकवता शिकवता त्याचा घसा बसला होता, ते लोकांना आधीच येत होतं.

मग काय, मॅनेजरच्या मागं लागून त्यानं कामगारांसाठी टँकर सुरू करवला. शिफ्ट सुटायच्या सुमाराला टँकर मैदानात उभा राहायचा आणि श्रीरंग भोंगा वाजवायचा. अट अशी, की मशीन बंद करून यायचं आणि डोक्यावर हेल्मेट पाहिजे. नसेल तर रांगेत नंबर नाही. आठवडाभरात झाडलोट करणाऱ्या सरूबाई हेल्मेट घालूनच झाडायला लागल्या. म्हणायच्या, "कवा वाजंल, काय सांगावं."

साहेब आले. श्रीरंगनं भोंगा दाबला. आणि काय सांगू, साहेबांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत अख्खा कारखाना मैदानात! मशीनं बंद, पिवळी डोकी ओळीत, हातात कॅन, कुणाचा कुणाला धक्का नाही. फकिरा सगळ्यात पुढं.

फक्त टँकर नव्हता. तो वाटेत पंक्चर होऊन बसला होता. ड्रायव्हरनं फोन केला होता, पण साहेबांच्या धाकानं श्रीरंगनं फोन बंद ठेवलेला.

"पाणी कुठंय?" फकिरा ओरडला. मागून सगळी रांग सुरू झाली, "पाणी, पाणी."

"हे काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

श्रीरंगच्या डोळ्यांपुढं औषधांची कपाटं उभी राहिली. तोंडातून निघून गेलं, "आग विझवायला पाणी मागतायत, साहेब."

"प्रत्येक जण स्वतःचा कॅन घेऊन?"

"घरून आणतात, साहेब."

साहेब गहिवरले. सरूबाईंजवळ जाऊन म्हणाले, "बाई, ही नुसती तालीम आहे. जा आता."

"पाणी घेतल्याबिगर आमी हलत नसतो," हेल्मेट सारखं करत सरूबाई म्हणाल्या. साहेबांनी रुमाल काढला.

तेवढ्यात टँकर धडधडत आत शिरला. "आगीचा बंबसुद्धा तयार?" साहेब म्हणाले. श्रीरंगनं नुसती मान हलवली. लोकांनी शांतपणे कॅन भरले, सायकलींना अडकवले आणि गेटाबाहेर पडले.

"अहो, हे पाणी घेऊन कुठे निघाले?"

"घरी, साहेब," श्रीरंग म्हणाला. आता त्याची भीड पार चेपली होती. "आपली सुरक्षेची संस्कृती घराघरात पोचलीय."

साहेबांनी तिथंच, सगळ्यांदेखत, नोकरी पक्की केली. फकिरानं जाता जाता सायकल थांबवली. "लई झ्याक झालं साहेब. उद्याबी वाजवा." श्रीरंग छाती फुगवून घरी आला.

सावनीनं शिरा केला, कन्नडला फोन लावला, वडिलांना सगळं रंगवून सांगितलं. मग वाटी पुढं करत म्हणाली, "अजून काय म्हणाले हो साहेब?"

"म्हणाले, हाच चमत्कार आता चिपळूणच्या कारखान्यात करून दाखवा. पुढच्या महिन्यात तिकडं बदली."

सावनीनं वाटीत आणखी एक चमचा शिरा वाढला. "चिपळूणला पाण्याची टंचाई असते का हो?"

श्रीरंगनं शिऱ्याची वाटी खाली ठेवली.

"तिथं," तो म्हणाला, "पावसाळ्यात लोक घरातलं पाणी बाहेर काढतात."