तांबड्या डोंगरांतील मुंडक्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न असो. नसली तरी लिहिणें प्राप्त आहे. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरीं, या दौलतींत जुन्या हाडांचें एक खातें होतें. माणसाच्याही पूर्वींच्या जनावरांचीं दगड जाहलेलीं हाडें तेथें ठेवीत, आणि म्हाळसाबाईसाहेब त्या खात्याच्या मुख्य होत्या. त्यांचे जुने सहकारी जिवाजीपंत यांस तरुणपणीं तांबड्या डोंगरांत एक मुंडकें सांपडलें. दरबारच्या पंडितांनीं वरवर पाहिलें आणि मगर आहे म्हणोन फडताळांत टाकिलें. पंत म्हणाले, "मगर कशाची? मगरीचे डोळे माथ्यावर, याचे बाजूस. मगरीचें थोबाड चपटें, याचें उंच. हें मगरीच्या भाऊबंदांतलें खरें, पण घर निराळें." दरबार हंसला. मग पंत आणि बाई सुईनें दगड कोरीत बसलीं, आणि केस पिकले, आणि चष्म्याचे नंबर वाढले, आणि दिवाण आले आणि गेले, आणि प्रत्येकास मगर म्हणजे काय इथपासून सांगावें लागलें. अहो, नुसतें लिहितांना मान मोडून येते.

अखेर पंत दम्यानें अंथरुणास खिळले. तेव्हां बाईसाहेबांनीं निबंध सिद्ध करून छापावयास धाडिला, आणि जनावरास पंतांचें नांव दिलें. कारण आपलें नांव आपण देऊं नये, दुसऱ्यानें द्यावें, असा या विद्येंतला रिवाज आहे. बाई पंतांस बोलल्या, "तुमच्या डोळ्यांदेखत नांव लागेल, पंत." पंत लाजले आणि म्हणाले, "उगाच कशाला?" परंतु त्या दिवशीं दोन घास जास्त जेवले.

मग ऐन समयीं दूरच्या दौलतीचा एक निबंध पारखण्यासाठीं बाईंकडेच आला. या विद्येंत पारखी पडद्याआड असतो, आणि त्याच्या होकारावांचून निबंध छापत नाहींत, आणि जें नांव आधीं छापलें तेंच खरें. बाईंनीं चित्रें पाहिलीं. तेंच जनावर! त्या लोकांस तर मुंडक्यापासून शेपटीपर्यंत सबंध मिळालें होतें, आणि नांव त्यांनीं आपल्या नदीचें दिलें होतें. दिवाणजी म्हणाले, "बाईसाहेब, महिनाभर दाबून ठेवा. तोंवर आपला छापून होतो. पडद्याआड कोण पाहतो?" बरें, आम्हांस जमणार नाहीं म्हणोन अंग काढून घ्यावें, तर दुसरा पारखी शोधण्यांत तोच महिना जाणार, तीही लबाडीच. बाई फार थकल्या होत्या. म्हणाल्या, "काम चोख आहे हो, दिवाणजी. खोट काढूं तरी कुठें?" आणि आपल्याकडेही असेंच मुंडकें असल्याचें कळवून त्याच दुपारीं होकार धाडिला, आणि आपला निबंध मागें घेतला.

मग पंतांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "पंत, नांव गेलें. होकार मींच दिला." पंत उठून बसले आणि कडाडले, "महिनाभर आजारी पडतां आलें नाहीं तुम्हांस? माझा सारा जन्म गेला त्यांत, बाई!" बाईंस रडूं कोसळलें. पंतांस खोकल्याची उबळ आली, ती ओसरली, आणि ते म्हणाले, "सबंध मिळालें म्हणतां? पाय कसे आहेत?"

"लांब आहेत. सरळ पोटाखालीं."

"म्हणजे धांवत होतें."

"चांगलें धांवत होतें, पंत."

पंतांनीं तोंड भिंतीकडे फिरविलें आणि म्हणाले, "बरें. या आतां."

येणेंप्रमाणें घडलें, अधिक कांहीं नाहीं. जनावर नवें ठरलें, दरबार चुकला हेंही छापून आलें, आणि तें वाचण्यास पंत राहिले नाहींत. म्हाळसाबाईसाहेबांनीं पुढें पुष्कळ हाडें साफ केलीं, परंतु कोणत्याही जनावरास नांव द्यावयाचें आलें कीं त्या म्हणत, "तुम्हीच द्या बाबा."