नातवंडांचा सॅम्पल

टेकचंदभाऊंच्या मुलाच्या लग्नात घोड्यावर पहिल्यांदा मी बसलो होतो. नवरदेव दुसऱ्या दिवशी बसला. आदल्या संध्याकाळी भाऊंनी सगळी वरात एकदा रिकामी फिरवून आणली. पुढे बँड, मागे दिवे आणि मधे घोड्यावर मी, पोस्टात नोकरी करणारा, दोन मुलांचा बाप, डोक्यावर फेटा. घोडं फटाक्यांना बिथरतं का, फेटा विजेच्या तारेला लागतो का, हे त्यांना आधी पाहायचं होतं. फेटा लागला. नेमकी त्या वेळी लाइन गेलेली होती, म्हणून आज हे लिहायला मी शिल्लक आहे.

"सॅम्पल पाह्यल्याशिवाय सौदा नाइ मास्तर," हे त्यांचं पालुपद. चाळीस वर्षं ते एका राइस मिलच्या फाटकात धान पारखायला होते. ट्रॅक्टर लागला की पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, मूठभर धान बाहेर काढायचं, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि ओल किती ते सांगायचं. मग त्यातलंच थोडं धान भरडून पाहायचं, अख्खा तांदूळ किती पडतो आणि तुटकी कनकी किती. त्यांचा अंदाज चुकला असं आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात कुणी सांगत नाही.

नोकरी सुटली, पण परखी काही हातातून सुटली नाही. सलूनमध्ये गेले की आधी एका कानामागचे चिमूटभर केस कापून घेतात, आरशात बघतात आणि पटलं तर बाकीचं डोकं देतात. डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या तर पहिली गोळी मला देऊन पाहतात. "हे एक दिवस आपल्या तिरडीचा सॅम्पल पाहतील आणि वर तुम्हाला निजवतील," असं माझी बायको म्हणते. मी हसतो, पण मनातून मला ते अगदीच अशक्य वाटत नाही.

कौसल्यावहिनी गेल्यापासून भाऊ एकटेच राहतात. मुलगा प्रमोद पुण्याला असतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तो बायकोमुलांना घेऊन आला होता. उकाडा, त्यात वीज नाही. धाकट्या ईशानने रडून घर डोक्यावर घेतलं आणि आठवड्यासाठी आलेली मंडळी तिसऱ्या दिवशी परत गेली. त्यानंतर नातवंडं आली नाहीत. भाऊ दरवर्षी फोनवर आग्रह करत आणि प्रमोद दरवर्षी काहीतरी कारण सांगे. यंदा मात्र त्याने स्वतःहून फोन केला.

"बाबा, पोरायले पाठवतो हप्ताभर. पन करमलं नाइ तं मी लगेच येऊन घेऊन जाईन. अन् मंग पुन्हा कधी आग्रह नोका करजा."

फोन ठेवून भाऊ थेट माझ्या ओट्यावर आले. "मास्तर, पोट्टे येऊन राहिले. आता पुऱ्या हप्त्याचा सॅम्पल पाहा लागते."

"अहो, पण पोरं पुण्याला आहेत."

"तुमी आहा ना," ते म्हणाले.

अशा रीतीने वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी नातवंड झालो. सकाळी अकरा वर्षांची रेवा, दुपारी सात वर्षांचा ईशान. नवा कूलर आणला होता. त्याच्यापुढे मला सलग दोन दुपारी निजवलं. मला सर्दी झाली. "कूलर पास," भाऊ खूश होऊन म्हणाले. मोबाइलवर बघून त्यांनी पास्ता केला. पहिल्या दिवशीचा चमच्याला चिकटून बसला, दुसऱ्या दिवशीचा दाताला. तिसऱ्या दिवशीचा घशाखाली उतरला, तोपर्यंत माझ्या पोटाची अपेक्षाच कमी झाली होती.

मग सहली. नागऱ्याला महादेवाचं दर्शन घेऊन बाहेर आलो, तर भाऊंनी भर रस्त्यात माझ्या गालाला हात लावून विचारलं, "काय पाह्यजे बेटा, गोला का कुल्फी?" गोळेवाल्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच त्यांना म्हणाला, "कब से है ये तकलीफ इनको?"

आमच्याकडच्या प्रतापगडला तर माझी परीक्षाच होती. पहाटेच्या एसटीने गेलो. चढताना माझे गुडघे चार ठिकाणी बोलले.

"काऊन बसले मास्तर?"

"पाय दुखून राहिले भाऊ."

"मंग पोट्ट्यायचे बी दुखतीन. इथं पहिला थांबा. इथं चिवडा." असे चार थांबे ठरले. पहिल्यावर चिवडा, दुसऱ्यावर टरबूज, तिसऱ्यावर पन्हं, चौथ्यावर पाय चेपून देणे. एका चढाईला अख्खा दिवस धरला. आठवड्याचे सातही दिवस असे माझ्या मापाने बेतून झाले आणि भाऊ निर्धास्त झाले.

मे महिन्यात प्रमोद मुलांना सोडून त्याच दिवशी परत गेला. जाताना ईशानला म्हणाला, "कंटाळा आला तर फोन कर." भाऊंनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला राग आला. बाप समोर उभा असताना पोराला असं सांगतात होय?

पहिल्याच जेवणाला पास्ता समोर आला. रेवा सभ्यपणे म्हणाली, "आबाजी, हा आई रोजच देते." दोघांनी आमरस आणि भात खाल्ला. पास्ता मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी प्रतापगड. भाऊ "पहिला थांबा" म्हणेपर्यंत पोरं दिसेनाशी झाली. भाऊ धापा टाकत त्यांच्या मागे. मी चिवडा, टरबूज आणि पन्ह्याची बाटली घेऊन एकटाच थांबे घेत राहिलो. मी तिसऱ्यावर पोचलो, तेव्हा मंडळी वरून सगळं पाहून खाली येत होती. "बस, एवढंच?" ईशानने विचारलं. घड्याळात साडेआठ झाले होते, सकाळचे.

नागरा, बाजार, कूलर, कुल्फी, सगळं तिसऱ्या दिवशी दुपारीच संपलं. मी गेलो तेव्हा रेवा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती आणि ईशान फरशीवर उताणा पडून पाय भिंतीला लावत होता.

भाऊंनी मला ओट्यावर ओढलं. "मास्तर, सॅम्पल चुकला. माल वेगळ्या ढिगाचा अन् सॅम्पल वेगळ्या ढिगाचा. तुमी जुना धान, हे नवा. चाळीस वर्षांत असं नाइ केलं मी कधी. आता चार दिवस काय दाखवू यायले?"

तेवढ्यात आतून ईशान आला. "आबाजी, पप्पांना फोन लावून द्या ना."

भाऊंनी खिशातून फोन काढला. दोनदा भलत्यालाच लागला. तिसऱ्यांदा लागल्यावर त्यांनी तो पोराच्या हातात दिला आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले. पुण्याच्या पोरांना फोन कानाला लावून बोलायची सवय नसते, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"काय झालं? यायचंय का परत?" प्रमोदने लगेच विचारलं.

"नाही हो. तुम्ही लहान असताना इथे सुट्टीत काय करायचात? आबाजींना माहीत नाहीये."

माझा जीव भांड्यात पडला. पण भाऊ तसेच पाठमोरे उभे होते.

पलीकडे प्रमोद हसला, आणि मग जो सुटला तो पाव तास थांबेना. तेंदूच्या झाडावर चढून टेंभरं खायची. बोडीत, म्हणजे शेताकडेच्या तळ्यात, खांद्यावरच्या दुपट्ट्याने मासोळ्या धरायच्या. आणि सगळ्यात भारी म्हणजे मिलच्या मागचा तुसाचा डोंगर. वर चढायचं आणि बसून घसरत खाली यायचं. अंगभर खाज सुटायची. "आबाजी पुढे फाटकात असायचे," तो म्हणाला. "आम्ही रोज मागे असायचो. त्यांना कधी कळलंच नाही."

पोरं चपला शोधायला पळाली. भाऊ माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "उन्हाळी धानाची आवक राहे मास्तर. मले मान वर कराले फुरसत नाइ. माहा पोरगा भिंतीच्या पलीकडे खेळून राहिला होता अन् मी लोकायच्या पोत्यात हात घालून बसलो. किती उन्हाळे गेले असे. एकडाव बी मांगं जाऊन पाह्यलं नाइ मी." मग म्हणाले, "पोट्टे सुट्टीत काय करतेत, मले खरंच ठाऊक नाइ. ठाऊक असतं तं तुमाले कायले नातू बनवलं असतं?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी पण पोस्टाच्या खिडकीतच आयुष्य काढलं आहे.

पुढचे चार दिवस मला कुणी नातवंड केलं नाही. मी सुटलो. मिल आता बंद आहे, पण चौकीदार ओळखीचा निघाला आणि मागे तूस होतं. पोरं लालबुंद होऊन, खाजवत, हसत घरी आली. आबाजीही खाजवत होते. टेंभरं खाऊन ईशानचं तोंड पिवळंधमक झालं. संध्याकाळी लाइन गेली, तर दोघं अंगणात खाट टाकून मोकळी. पुढच्या वर्षी पंधरा दिवस यायचं, हे रेवाने परस्पर ठरवून आईला कळवूनही टाकलं. ते ऐकून भाऊंनी मला चहा पाजला आणि स्वतः दोन कप प्यायले.

रविवारी सकाळी प्रमोद घ्यायला आला. गाडी संध्याकाळची होती. पोरांनी त्याला चहासुद्धा नीट पिऊ दिला नाही, ओढतच बोडीवर नेलं. आम्ही दोघे म्हातारे मागोमाग जाऊन पाळीवर, बांधावरच्या बाभळीच्या सावलीत उभे राहिलो. पुण्याला मोठ्या हुद्द्यावर असलेला प्रमोद पँट वर करून मांडीएवढ्या पाण्यात शिरला होता. काठाला ईशान आणि रेवा उगाच पाणी ढवळत होती. दुपट्ट्याचं एक टोक प्रमोदच्या हातात होतं, दुसरं पाण्यात सुटून जात होतं. मासोळ्या मजेत बाजूने निघून जात होत्या.

प्रमोदने वर पाहिलं. क्षणभर घुटमळला.

"बाबा," त्याने हाक मारली, "इकडचं टोक धराले कोनी नाइ."

भाऊंनी चपला काढल्या आणि धोतराचा सोगा कमरेला खोचला. त्यांचा आवाज एवढा मोठा येतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"तिथंच राय बापू," ते म्हणाले, "मी येऊन राहिलो."