नामदेव टेलरचा समाजवाद

नामदेव टेलरकडे माप द्यायला उभं राहिलं की पळून जाता येत नसे. छातीभोवती टेप घट्ट धरून ते विचारायचे, "मास्तर, या कापडाचा कापूस कोणं वेचला?"

चौऱ्याहत्तर साली मी अकोल्याहून बदली होऊन मंगरूळपीरच्या शाळेत नुकताच आलो होतो. म्हणालो, "बायांनी."

"त्या बायांच्या अंगावर असं कापड पाह्यलं कदी?"

"नाही."

"काहून नाही?"

टेप सैल झाला. "मानू नका मास्तर, फक्त इचार करा. छाती छत्तीस."

'मानू नका, इचार करा' हे त्यांचं पालुपद. पॅन्टचं कापड घेऊन आलेल्या एका पाटलांना त्यांनी विचारलं, "तुमचं वावर तुमी एकटेच निंदता का?"

"मंग काय वाटून देऊ?" पाटील भडकले.

"आज नका देऊ. आज इचार करा. पॅन्ट शुक्रवारी न्या."

शुक्रवारी पाटलांनी धास्तीनं बायकोला पाठवलं. ती तासाभरानं विचार करतच घरी गेली. त्यानंतर पाटील स्वतःच यायला लागले.

त्यांच्या या समाजवादाचे सगळ्यांत पक्के विरोधक शेजारच्या दुकानातले दाढीवाले रहीमभाई. तेही टेलरच. हातानं बटणांची काजं करून दोघांचेही डोळे चुरचुरायचे, म्हणून काजाची मशीन दोघांत मिळून घेऊ, असं नामदेवभाऊ म्हणत.

"आज मशीन दोघांची, उद्या गिऱ्हाईक दोघांचं," रहीमभाई म्हणायचे, "परवा माही बकरी बी तू तुह्या दारात बांधशीन!"

"बकरी राहू द्या. पण तिचं दूध..."

रहीमभाई उठून आत निघून जायचे.

त्या वर्षी ईद आठ दिवसांवर आली असताना मशीनची सुई रहीमभाईंच्या उजव्या हाताच्या बोटातून आरपार गेली. हाताला हे मोठं बँडेज. दुकानात कापडांचा ढीग, अन् गिऱ्हाइकं कापड परत मागायला दारात उभी. ईदची शिलाई म्हणजे त्यांची वर्षाची कमाई. रहीमभाई नुसते बसून राहिले.

नामदेवभाऊंनी आपल्या दुकानाला कुलूप लावलं आणि येऊन सरळ रहीमभाईंच्या मशीनवर बसले. "कोणी कापड नेऊ नका. ईदच्या आधी भेटते."

आठ दिवस ते तिथंच शिवत होते. रहीमभाई स्टुलावर बसून हुकूम सोडत, "कॉलर जरा उंच घे. माह्या गिऱ्हाइकाले माहीच कॉलर लागते!" नामदेवभाऊ मुकाट्यानं उंच घेत. माझा शर्ट तेवढा कुलपाआड अडकला.

नवल म्हणजे, त्या आठ दिवसांत त्यांनी समाजवादाचं नावही काढलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माणूस अडचणीत हाये मास्तर. आता त्याले भाषण कायले द्याचं?"

ईदच्या दिवशी रहीमभाई डाव्या हातात शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन नामदेवभाऊंच्या दुकानात आले. "नामदेव, तुहा समाजवाद मले आजबी पटत नाही. पण काजाची मशीन कवा आणाची?"

नामदेवभाऊंना हसू आलं नाही. ते पाणी प्यायला म्हणून मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

माझा शर्ट शेवटी त्यांनी घरी नेऊन शिवला; रविवारी तो आणायला मी त्यांच्या घरी गेलो. बुद्धविहाराच्या मागे दोन खोल्या. एवढा बोलका माणूस, पण अंगणात चिडीचूप. आत ते बायकोसमोर बसून हातवारे करत होते. हनुवटीखाली दाढी दाखवली, बोटाला बँडेज गुंडाळल्यासारखं केलं, मग दोन बोटं जोडून एक मशीन केली. शांताबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या.

"हिले लहानपणापासून ऐकू येत नाही," ते मला म्हणाले. "घरी तोंडाले काम नाही. म्हणून बाजारात जरा जास्तच बोलनं होते."

तेवढ्यात शांताबाईंनी आपलं बोट पुढे केलं, घास तोंडाकडे नेल्याचं दाखवलं आणि भुवया उंचावल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

नामदेवभाऊ डोकं खाजवू लागले. "इचारते, रहीमभाईले आता हातानं जेवता येते का."

"मग?"

"हे इचाराचं तं राह्यलंच, मास्तर," असं म्हणत ते उठले आणि चपला शोधू लागले.