सिद्रामप्पा मास्तरांची देणगी

"जो पाच हजारांची देणगी आणील, तोच हेडमास्तर," शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब म्हणाले. वीस वर्षं गणित शिकवल्यावर ही जागा आपलीच, असं सिद्रामप्पा मास्तर धरून चालले होते. आता पैसे मागायचे? शेजारी मीठ मागायचं म्हटलं तरी त्यांना घाम फुटायचा. दुसरे उमेदवार इंग्रजीचे कुंडलिक मास्तर. ते बोलण्यात पटाईत.

"बार्शीच्या गुरप्पा आडत्यांकडं जावा की," बायको शिवबाई म्हणाली. "लई मोठा मानूस हाय. नुसतं तोंड उघडायचं."

रविवारी मास्तर मोटारीनं बार्शीला निघाले. वाटभर एकच वाक्य घोकलं. आडतीवर गुरप्पा नुकते जेवायला बसत होते.

"काय काम काढलंत, मास्तर?"

वाक्य पार उडालं. "सहज आलतो," मास्तर पुटपुटले. "ही पोर का रडती?"

"माझी नात, बना. अपूर्णांक डोक्यात शिरंना तिच्या."

मास्तरांना सुटका दिसली. त्यांनी गुरप्पांच्या ताटातली भाकरी उचलली, मोडली. "ही अर्धी. ही चतकोर. दोन चतकोर मिळून किती?" बनाला गंमत वाटू लागली. दुसरी भाकरी मोडली, मग तिसरी. पोरगी खदखदून हसत फटाफट उत्तरं देऊ लागली तेव्हा मास्तर भानावर आले. ताटात नुसता चुरा उरला होता. ते तसेच उठले आणि मोटारीकडे पळत सुटले.

"मागितलंत?" शिवबाईनं विचारलं.

"त्यांचं जेवण नासून आलो."

चार दिवस मास्तरांना घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी कमिटीची बैठक भरली आणि गुरप्पा स्वतः दारात उभे! मास्तर कुंडलिक मास्तरांच्या मागं सरकले.

"बनाला हितं बहिणीकडं ठिवतो, तुमच्या शाळंत घालतो," गुरप्पा म्हणाले. "मास्तरांनी दोन घटकंत शिकवलं तिला. तुमच्या देणगीचं कानावर आलंय. हे घ्या पाच हजार."

"वा! मग सिद्रामप्पाच हेडमास्तर!" आबासाहेब ओरडले.

"छे, छे! मग शिकवणार कोन? त्यांना वर्गावरनं हलवायचं न्हाय, हीच माझी अट हाय."

पाच हजार परत कोण करणार? कुंडलिक मास्तर हेडमास्तर झाले. खुर्चीत बसतात न बसतात तोच आबासाहेबांनी सांगितलं, "आता छपराचे तीन हजार तुमी आणायचे."

संध्याकाळी कुंडलिक मास्तर घामाघूम होऊन सिद्रामप्पांकडे आले. "खरं सांगा, गुरप्पांकडं मागितलंत कसं?"

"मागितलंच न्हाई हो. तोंडच उघडंना माझं."

कुंडलिक मास्तर ताडकन उठले.

"सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि रागानं चालते झाले.