आरपार कपाळाचा मासा

"आई, या माशाला हात कुणी लावला?" सुनेने कामाच्या खोलीतूनच विचारलं.

"हात नाही, कुंचला लावला," सासूबाई आत येत शांतपणे म्हणाल्या. "एवढा जीव ओतून केलास आणि डोळेच काढायचे राहिले. तोंडावर नुसती दोन भोकं! बघवेना गं मला."

सून संग्रहालयांसाठी प्राण्यांच्या प्रतिकृती करायची. खोल समुद्रातला हा मासा पसंत पडला, तर संग्रहालयाच्या अंधाऱ्या दालनातल्या सगळ्या माशांचं काम तिच्याकडेच येणार होतं. दालनाचे साहेब अकराला पोचणार होते आणि साडेदहा वाजून गेले होते. माशाच्या तोंडावर आता दोन टपोरे डोळे होते. वर पापण्यासुद्धा.

"अहो आई, त्या नाकपुड्या आहेत!"

"मग डोळे कुठे?"

"डोक्यात. याचं कपाळ काचेसारखं आरपार असतं. आत त्या दोन हिरव्या नळ्या दिसतात ना, ते डोळे. काळोखात तरंगत तो वर बघत राहतो. वरून कोण गेलं, सगळं कळतं त्याला."

सासूबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. "म्हणजे मी वाकून पापण्या काढत होते, तेव्हा हा माझ्याकडे बघत होता?"

सुनेने कापसाचा बोळा रंग काढायच्या थिनरमध्ये बुडवून खसाखसा घासलं. पापण्या गेल्या, पण थिनर नाकपुडीतून आत ओघळलं आणि कपाळ आतून धुरकटलं.

"अगं, पूस की!"

"आतून कशी पुसू?"

हेअर ड्रायर लावला. धुकं हलेना. आत कुठेतरी 'टक्' वाजलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तेवढ्यात दारावरची घंटी वाजली.

साहेब आले ते थेट माशासमोर जाऊन वाकले. धुकं आता हळूहळू विरत होतं. आधी एक हिरवा ठिपका दिसला, मग दुसरा. सुनेने वर रोखून चिकटवलेले डोळे थिनरने गोंद विरघळून समोर फिरले होते, आणि सरळ साहेबांकडे बघत होते.

"याचे डोळे वर असतात," साहेब म्हणाले.

हातचं काम गेलंच, सुनेला वाटलं.

"पण ते समोरही फिरतात. फार थोड्यांना माहीत असतं हे. वा!"

"देवच पावला," सासूबाई पुटपुटल्या. "आणि समोर कधी फिरवतो हो तो?"

"खायचं काही पुढ्यात आलं, की."

साहेब हलकेच डावीकडे सरकले. पायाखालची फळी करकरली.

टक्. डोळेही डावीकडे सरकले.

"सगळे मासे तुम्हीच करा," दाराकडे उलट्या पावली जात साहेब म्हणाले. "हा मात्र... राहू दे थोडे दिवस तुमच्याकडेच."