दुसऱ्या प्रकरणात हरवलेला मामा

सबंध राजोलू तालुक्यात माझ्याइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कुणाची नाही. चष्मा सापडला की मी ती वापरतो. आजवर सत्तावीस तपास केले. त्यांतले चार सुटले, तेही मी परगावी असताना. उरलेला वेळ हरिकथेत जातो, आणि तो मी सत्कारणीच धरतो.

त्या मंगळवारी दुपारी गवरय्या मास्तर धापा टाकत आला. तीस वर्षं मनात घोळवलेली कादंबरी तो निवृत्तीनंतर आमच्या साप्ताहिकात क्रमशः लिहितो.

"शास्त्रीगारू, माणूस हरवलाय!"

"कोण?"

"नवरीचा मामा. दुसऱ्या प्रकरणात फुलं सांगायला पाठवला आणि साफ विसरलो. आज शेवटचं प्रकरण, लग्नाचं. चार वाजता छापखान्यात नाही पोचलं, तर संपादक कादंबरी बंद करून रांगोळ्या छापणार!"

प्रसंग बाका होता. आमच्यात नवरीला टोपलीत बसवून मांडवात आणतो तो मामाच.

"बापाला उचलू दे," मी सुचवलं.

"तसंच लिहिलं होतं. छापखान्यातल्या जुळाऱ्याने कागद परत पाठवला. म्हणे, असल्या लग्नाला मी अक्षरांचे खिळे लावणार नाही."

मी दहाही प्रकरणं भिंगाखाली घेतली.

"पहिला संशय कथानकावर. काहीतरी घडवायचं म्हणून त्यानेच मामाचा काटा काढला."

"कथानक कुठलं हो? आठ प्रकरणं सगळे जेवतायत."

"मग पात्रं. हा नवऱ्याचा बाप एकदाही भांडत नाही. इतका भला माणूस? नक्कीच काहीतरी लपवतोय!"

"संघर्ष जमत नाही मला," गवरय्या ओशाळला. "घरी पुरेसा होतो."

"तर मग निवेदक! सगळ्यांच्या मनातलं ओळखतो, आणि एकट्या मामाबद्दल गप्प! घाला बेड्या."

"अहो, निवेदक मीच आहे!"

"मग जागचे हलू नका."

तीन वाजले. गवरय्याने लेखणी खाली ठेवली. "तीस वर्षं, शास्त्रीगारू. आणि पोरगी नटूनथटून खोलीतच बसणार."

मलाही गलबलून आलं. तेवढ्यात त्याची बायको चिट्टेम्मा नवऱ्याला शोधत आली. सगळं ऐकून तिने विचारलं, "गोष्ट कुठे घडते?"

"आपल्याच गावात."

"दिवस कुठले?"

"रामनवमीच्या उत्सवाचे."

"आणि फुलवाला?"

"देवळासमोर."

"मग बसलाय की मामा देवळात हरिकथा ऐकत! गेल्या साली तुम्ही दोघं मीठ आणायला गेलात, ते कधी उगवलात?"

"कथा संपल्यावर," गवरय्या पुटपुटला. गावाची आणि दिवसांची वर्णनं मी वाचताना गाळली होती. त्यांत संशयित नसतात.

गवरय्याने लेखणी उचलली. मी बजावलं, "कथेचं शेवटचं मंगळपद झाल्याशिवाय त्याला उठवलंत, तर गाठ माझ्याशी आहे!"

"मुहूर्त टळेल ना!"

"लेखक कोण आहे? मुहूर्त पुढे घ्या."

त्याने घेतला. मंगळपद झालं, मामा उठला, टोपली उचलली.

"आणि हे बघा," चिट्टेम्मा म्हणाली, "आजही देवळात कथा चालू आहे. छापखान्याला कालव्याकडून जा."

आम्ही कालव्याकाठाने धावलो. तरी सीताकल्याणाचं पद वाऱ्यावर आलंच. गवरय्याची पावलं मंदावली. मी मागून त्याचे दोन्ही कान घट्ट झाकले आणि चारला पाच मिनिटं असताना त्याला तसाच छापखान्यात नेऊन उभा केला.

माझे कान झाकायला कुणी नव्हतं, ही रामाचीच कृपा.